‘सर्व्हर डाऊन’ म्हणून रीस्टार्ट करण्याआधी लॉग जपून ठेवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तहसील कार्यालय, दुय्यम निबंधक कार्यालय, सहकारी बँकेची शाखा किंवा रेशन दुकान, कोठेही काम अडले की ‘सर्व्हर डाऊन’ हे कारण दिले जाते आणि नागरिकांचे हाल झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. संगणकांच्या जाळ्यांची देखभाल हेच काम आयुष्यभर करत आलेला एक अभियंता म्हणून या कारणाविषयी थोडे तपशिलाने लिहीत आहे, कारण अशा वेळी सर्व्हर पुष्कळदा व्यवस्थित चालू असतो. त्याच्याकडे जाणारी किंवा त्याच्याकडून येणारी पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, वाटेतल्या एखाद्या यंत्राच्या पाठवणीच्या रांगेत अडकलेली असतात, त्या यंत्राने आपल्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, तशी तक्रारही नोंदवलेली असते, आणि ती कोणी वाचण्याआधीच रीस्टार्ट करून पुसली जाते. ही नोंद जपणे आणि वाचणे हे देखभालीच्या प्रत्येक करारातले पहिले कलम असावे, आणि ते पाळल्याशिवाय जादा बँडविड्थ (जोडणीची क्षमता) किंवा नवी यंत्रे यांवर सार्वजनिक पैसा खर्च होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

लहान राउटरपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत आज असंख्य यंत्रांवर लिनक्स या कार्यप्रणालीचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, चालते, म्हणून उदाहरण त्याचेच घेतो. पॅकेट बाहेर पाठवायचे असते तेव्हा कर्नल ते नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवते. ड्रायव्हर मेमरीतल्या एका वर्तुळाकार यादीत, म्हणजे ट्रान्समिट रिंगमध्ये, त्याचा पत्ता लिहून ठेवतो. कार्ड तो पत्ता वाचून पॅकेट स्वतः उचलते, तारेवर सोडते आणि काम झाल्याचा इंटरप्ट, म्हणजे इशारा, प्रोसेसरला देते. त्यानंतर ड्रायव्हर रिंगमधली ती जागा मोकळी करतो. रिंग भरत आली की ड्रायव्हर वरून येणारी रांग थांबवतो आणि जागा झाली की पुन्हा सुरू करतो. हे थांबणे आणि सुरू होणे रोजच्या कामकाजात सतत चाललेले असते आणि वापरणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही. थांबवलेली रांग पुन्हा सुरूच झाली नाही, तर मात्र त्या कार्डातून काहीही बाहेर पडेनासे होते. यावर लक्ष ठेवण्यासाठी कर्नलमध्ये ‘वॉचडॉग’ नावाचा एक टायमर आहे. रांग थांबलेली आहे आणि ठरलेल्या मुदतीत तिच्यातून एकही पॅकेट पुढे गेलेले नाही, असे त्याला आढळले की तो लॉगमध्ये ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ या शब्दांनी सुरू होणारी ओळ लिहितो, तीत कार्डाचे नाव आणि रांगेचा क्रमांक देतो आणि ड्रायव्हरला सावरण्याची कारवाई करायला सांगतो. ही कारवाई म्हणजे बहुधा कार्ड नव्याने सुरू करणे. ड्रायव्हरने वेगळी मुदत ठरवलेली नसेल तर ती ५ सेकंदांची असते.

ही ओळ वाचताना दोन गैरसमज इतक्या वेळा होतात की त्यांवर थोडे थांबले पाहिजे. पहिला असा की, या ओळीखाली कर्नल (अगदी अलीकडच्या आवृत्त्या सोडल्या तर) जो लांबलचक कॉल ट्रेस, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची यादी, छापते, त्यात दोषी कोण हे लिहिलेले असते. वास्तविक तो ट्रेस ज्या टायमरने बिघाड पकडला त्या टायमरचाच असतो. रांग ज्यामुळे थांबली ती घटना त्याच्या कित्येक सेकंद आधी घडून गेलेली असते. ट्रेसमधले एखादे फंक्शन घेऊन शोध घेणारा तंत्रज्ञ त्यामुळे चुकीच्या ठिकाणी पोहोचतो. दुसरा गैरसमज असा की, लॉगमध्ये ही ओळ एकदाच दिसते, म्हणून बिघाडही एकदाच झाला. अगदी अलीकडच्या आवृत्त्या सोडल्या, तर कर्नल ही सूचना यंत्र सुरू झाल्यापासून एकदाच छापत असे. त्यानंतरच्या टाइमआउटची, म्हणजे अशी मुदत उलटून गेल्याची, वाच्यता ड्रायव्हरने स्वतःहून केली तरच होत असे. खरी संख्या प्रत्येक रांगेच्या स्वतंत्र काउंटरमध्ये असते. लिनक्सच्या ‘सिस-एफएस’ या फाइलव्यवस्थेत, कार्डाच्या प्रत्येक पाठवणी-रांगेखाली ‘टीएक्स टाइमआउट’ नावाची फाइल असते आणि तिच्यात हा आकडा कोणालाही वाचता येतो. ‘महिन्यातून एकदाच होते, दुर्लक्ष करा’ असे सांगितले जाते तेव्हा हा आकडा कोणी पाहिला होता काय, असे विचारण्याचा अधिकार कार्यालयप्रमुखाला आहे.

वॉचडॉगची ओळ हे लक्षण आहे आणि त्यामागची कारणे अनेक आहेत. इंटरप्ट हरवतो. वीज वाचवण्यासाठी कार्ड किंवा त्याची पीसीआय-एक्सप्रेस जोडणी निद्रावस्थेत जाते आणि वेळेवर जागी होत नाही. इथरनेटची वीजबचतीची पद्धत २०१० मध्ये प्रमाणित झाली आणि दोन वेगळ्या उत्पादकांची यंत्रे ती एकमेकांशी नीट पाळत नाहीत तेव्हा असे बिघाड दिसतात. कार्डातले फर्मवेअर, म्हणजे त्याच्यातच भरलेला प्रोग्रॅम, अडकते. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी यंत्र, असेल, तर खालच्या मूळ यंत्राला तिच्या रिंगकडे बघायलाच सवड मिळत नाही. किंवा ड्रायव्हरच्या कोडमध्येच अशी फट असते की एक प्रोसेसर रांग थांबवत असताना दुसरा ‘जागा झाली’ ही खबर देऊन मोकळा होतो, ती खबर वाया जाते आणि रांग थांबलेलीच राहते. या प्रत्येक कारणावर उपाय वेगळा आहे. रीस्टार्टने मात्र ही सगळी सारखीच काही काळ नाहीशी होतात, आणि रीस्टार्टवर लोकांचा इतका विश्वास बसला आहे तो यामुळेच.

एक कारण अधिक खोलात सांगण्यासारखे आहे, कारण त्यात दोष एका यंत्राचा असतो आणि दंड दुसऱ्याला होतो. इथरनेटमध्ये १९९७ पासून ‘पॉझ फ्रेम’ची सोय आहे. येणारी पॅकेट्स ज्याला आवरत नाहीत ते यंत्र समोरच्याला ‘थोडा वेळ थांबा’ असा निरोप देते. एका निरोपाने फार तर ६५,५३५ एकके थांबवता येते आणि एक एकक म्हणजे ५१२ बिट पाठवण्याचा वेळ. म्हणजे १ गिगाबिटच्या जोडणीवर सुमारे ३३ मिलिसेकंद आणि १०० मेगाबिटवर त्याच्या दहापट. हा वेळ मोठा नाही. पण एखादा संगणक गोठला, त्याची स्वीकारण्याची जागा भरून गेली आणि त्याचे कार्ड मात्र जिवंत राहिले, तर ते कार्ड हा निरोप पुनःपुन्हा पाठवत राहते. संगणकांना एकमेकांशी जोडणारा स्विच निमूटपणे थांबतो, स्विचची अंतर्गत जागा भरते, मग तोही इतरांना थांबायला सांगू लागतो, आणि या साखळीच्या टोकाला असलेल्या पूर्णपणे निर्दोष सर्व्हरच्या लॉगमध्ये ट्रान्समिट टाइमआउटची ओळ उमटते. असे एक प्रकरण मी एका सार्वजनिक कार्यालयात जवळून पाहिले आहे. तेथे सर्व्हरचे कार्ड बदलले गेले, त्यानंतर जोडणीची बँडविड्थ वाढवण्याचा प्रस्ताव गेला, आणि कारण अखेर सापडले ते कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकात. देखरेखीची सोय असलेल्या स्विचच्या प्रत्येक पोर्टवर किती पॉझ फ्रेम आल्या याचा काउंटर बहुधा असतो. तो पहिल्याच दिवशी पाहिला असता, तर ना कार्ड बदलावे लागले असते ना प्रस्ताव पाठवावा लागला असता. इंटेलच्या १० गिगाबिट कार्डांच्या लिनक्स ड्रायव्हरने हा धोका ओळखून त्याची काळजी घेतली आहे. रांग अडकल्याची शंका आली तरी मधल्या काळात पॉझ फ्रेम आलेली असेल, तर तो ती शंका रद्द करतो. सगळेच ड्रायव्हर एवढे सावध नसतात.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे कोणते पॅकेट आधी जावे या प्रश्नाकडे वळतो. नागरिकाच्या अंगठ्याची पडताळणी, दस्तनोंदणीची एखादी लहानशी विनंती किंवा दूरध्वनीवरचा आवाज यांना बँडविड्थ फार थोडी लागते, पण उशीर चालत नाही. आवाजाच्या एका दिशेच्या प्रवासाला १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. याउलट, दिवसभराच्या स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा बॅकअप अर्धा तास उशिरा गेला तरी कोणाचे काही बिघडत नाही. तरीही बहुतेक कार्यालयांत दोन्ही एकाच रांगेतून, आले त्या क्रमाने जातात. तशी गरजच नाही. पॅकेटवर अग्रक्रमाचे चिन्ह लावण्याची प्रमाणित पद्धत १९९८ पासून उपलब्ध आहे. लिनक्सची ‘पीफिफो फास्ट’ नावाची जुनी रांगही तीन पट्ट्यांची होती आणि पहिली पट्टी रिकामी झाल्याशिवाय दुसरीला हात लावत नसे.

पण अग्रक्रम लावूनही फरक पडत नाही, अशी तक्रार मी अनेक तंत्रज्ञांकडून ऐकली आहे आणि ती खरी असते. कर्नलची रांग कितीही शहाणपणाने लावली, तरी तिच्याखालची कार्डाची रिंग आल्या क्रमानेच रिकामी होते. घाटातल्या एकेरी रस्त्यावर मालमोटारी आधीच शिरलेल्या असतील, तर मागून आलेल्या रुग्णवाहिकेला त्यांच्यामागूनच जावे लागते, तसे हे आहे. रिंगमध्ये ५१२ जागा आहेत आणि प्रत्येकीत १,५०० बाइटचे पूर्ण पॅकेट आहे असे धरले, तर ७ लाख ६८ हजार बाइट तीत साठतात. १ गिगाबिटच्या जोडणीवर त्या ६ मिलिसेकंदांत निघून जातात. पण केबलचे टोक नीट बसले नाही म्हणून जोडणी १० मेगाबिटवर उतरली असेल, तर त्यांनाच सहा दशांश सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ अंगठ्याची पडताळणी मागे ताटकळते. यावर २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत ‘बाइट क्यू लिमिट्स’ आली. जेवढ्या बाइटांनी कार्ड सतत कामात राहील तेवढ्याच रिंगमध्ये सोडायच्या आणि उरलेल्या वर, जेथे अग्रक्रम लावता येतो तेथे, रोखून धरायच्या, हे तिचे काम. त्याच वर्षी कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ उभे राहिले हे ती पाहते, आणि हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहू लागला की काही पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला सावध करते. तिला प्रत्येक प्रवाहासाठी वेगळ्या रांगेची जोड देऊन तयार झालेली ‘एफक्यू-कोडेल’ आज पुष्कळ लिनक्स यंत्रांवर मुळातच चालू असते. तिचे तपशील २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या ‘आरएफसी’ या मालेत प्रायोगिक दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले आहेत आणि तिच्यासाठी कोणालाही परवानाशुल्क द्यावे लागत नाही.

अग्रक्रम आणि टाइमआउट हे दोन वेगळे विषय समजले जातात, पण प्रत्यक्ष तपासात ते एकमेकांत गुंतलेले सापडतात. बाइट क्यू लिमिट्ससाठी ड्रायव्हरला जमाखर्च ठेवावा लागतो: कार्डाला किती बाइट दिल्या आणि त्यांतल्या किती पोहोचल्या. एखाद्या त्रुटीच्या वाटेवर, किंवा कार्ड नव्याने सुरू करताना, ड्रायव्हर खर्चाची बाजू लिहायला विसरला, तर हिशेबात बाइट कायमच्या ‘वाटेत’ राहतात, मर्यादा संपली असे समजून रांग थांबते, आणि ५ सेकंदांनी वॉचडॉग ओरडतो. कार्ड त्या वेळी रिकामे आणि निरोगी असते. तशीच गोष्ट अनेक रांगांच्या कार्डांची. वरच्या वर्गाची रांग संपल्याशिवाय खालच्या वर्गाची रांग सोडायचीच नाही, असा कडक नियम कार्डालाच घालून दिला आणि वरचा वर्ग सतत भरलेला राहिला, तर खालच्या रांगेची उपासमार होते आणि टाइमआउटची नोंद तिच्या नावावर पडते. मग ड्रायव्हर संपूर्ण कार्ड नव्याने सुरू करतो, जोडणी काही काळ तुटते आणि ज्या तातडीच्या कामासाठी अग्रक्रम लावला तेच काम बंद पडते. म्हणूनच नोंदीतला रांगेचा क्रमांक महत्त्वाचा. दर वेळी एकच क्रमांक येत असेल, तर त्या रांगेत कोणता वर्ग पाठवला जातो हे आधी पाहावे. क्रमांक बदलत असतील, तर सर्व रांगांना समान असलेल्या गोष्टींकडे, म्हणजे फर्मवेअर, वीजबचत आणि पॉझ फ्रेम यांकडे वळावे. कडक अग्रक्रम फार थोड्या आणि मोजक्या वाहतुकीलाच द्यावा, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक विभागाने आपले काम तातडीचे ठरवले की अग्रक्रमाला काही अर्थ उरत नाही.

आणखी एक गोष्ट निविदा लिहिणाऱ्यांच्या लक्षात यावी. अग्रक्रम लावायचा तो वाट जेथे सर्वांत अरुंद आहे तेथे. कार्यालयाच्या राउटरचे पोर्ट १ गिगाबिटचे आणि बाहेरची जोडणी २० मेगाबिटची असेल, तर राउटरमध्ये रांग लागतच नाही. ती सेवापुरवठादाराच्या मोडेममध्ये लागते आणि तेथे आपला अग्रक्रम कोणी विचारत नाही. राउटरची बाहेरची गती मुद्दाम जोडणीच्या गतीहून किंचित कमी ठेवली की रांग आपल्या ताब्यात येते. याला नवे यंत्र लागत नाही, जाणकाराचा थोडा वेळ लागतो. हे न करता बँडविड्थ दुप्पट केली, तर बॅकअप ती दुप्पट बँडविड्थही व्यापतो आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे ताटकळणे काही संपत नाही. असा अग्रक्रम म्हणजे नेट न्यूट्रॅलिटीचा भंग, अशी शंका कोणी घेईल. केंद्र सरकारने २०१८ च्या जुलैत मान्य केलेली ती तत्त्वे सेवापुरवठादाराने ग्राहकांच्या वाहतुकीत भेदभाव करू नये यासाठी आहेत. आपल्या कार्यालयात आधी काय जावे हे ठरवण्याची मोकळीक कार्यालयाला आहेच.

आता नोंदी जपण्याविषयी. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सरकारी संस्था, कंपन्या, सेवापुरवठादार आणि डेटा सेंटर यांनी आपल्या संगणकीय यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. हे निर्देश सायबर सुरक्षेसाठी आहेत, पण जपलेला लॉग बिघाडाच्या तपासालाही तितकाच उपयोगी पडतो. प्रत्यक्षात कित्येक लहान राउटर आपला लॉग केवळ मेमरीत ठेवतात आणि वीज काढली की तो जातो. लिनक्सच्या सर्व्हरवरही साठवणीची जागा आखून दिलेली नसेल, तर तीच गत होते. म्हणून प्रत्येक यंत्राने आपला लॉग जाळ्यातल्या दुसऱ्या यंत्राकडे पाठवत राहावे, हे करारात लिहिलेले हवे. ज्या यंत्राची पाठवणीच बंद पडली आहे ते आपली तक्रार जाळ्यावरून कशी पाठवणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी त्याच यंत्राच्या डिस्कवर एक प्रत राहावी, आणि महत्त्वाच्या सर्व्हरला देखरेखीसाठी स्वतंत्र जोडणी असावी.

रीस्टार्ट करूच नये, असे मी म्हणत नाही. बाहेर शंभर माणसे उभी असताना तंत्रज्ञाने तासभर तपास करत बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण रीस्टार्टपूर्वी कर्नलचा लॉग, कार्डाची आणि प्रत्येक रांगेची आकडेवारी, थोड्या अंतराने दोनदा घेतलेली इंटरप्टची संख्या, वाटेत असलेल्या बाइटांचा हिशेब, पॉझ फ्रेमचे काउंटर, ड्रायव्हर व फर्मवेअर यांच्या आवृत्त्या, एवढे एका फाइलमध्ये उतरवायला दोन मिनिटेही लागत नाहीत आणि हे काम एक छोटी स्क्रिप्ट आपोआप करू शकते. इंटरप्टची संख्या दोन्ही वेळा तेवढीच असेल आणि रिंग भरलेली असेल, तर संशय कार्डावर किंवा त्याच्या जोडणीवर. ती वाढत असूनही रांग थांबलेली असेल, तर ड्रायव्हरच्या हिशेबावर. पॉझ फ्रेम वेगाने वाढत असतील, तर स्विचच्या पलीकडल्या कोणावर तरी. पुढचा तपास करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वीजबचत, पॉझ फ्रेम आणि मोठ्या माहितीची पॅकेट्स पाडण्याचे काम कार्डावर सोपवणारी सोय, ही तिन्ही एकदम बंद करून ‘आता चालते’ असे म्हटले, तर कारण कायमचे हरवते आणि कार्डाची क्षमताही विनाकारण कमी होते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. तांत्रिक बिघाडामुळे मुदत चुकली असे कार्यालय सांगत असेल, तर त्या बिघाडाची नोंद, त्याचे सापडलेले कारण आणि केलेला उपाय, हे त्या अर्जाच्या फाइलीला जोडले जावे. आज देखभालीच्या करारांत यंत्रणा किती टक्के वेळ चालू होती आणि तंत्रज्ञ किती तासांत पोहोचला, एवढेच मोजले जाते. पाच-दहा सेकंदांचे टाइमआउट दिवसात वीस वेळा झाले तरी टक्केवारीत ते दिसत नाहीत, पण प्रत्येक टाइमआउटला खिडकीवरचा अर्ज अर्धवट राहतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. रांगांचे टाइमआउट-काउंटर, टाकून दिलेली पॅकेट्स आणि प्रत्येक वर्गाला झालेला उशीर यांचा मासिक अहवाल ठेकेदाराने द्यावा, अहवालात कारण न लिहिता केवळ ‘रीस्टार्ट केले’ असे असेल तर ती तक्रार निकाली निघाली असे मानू नये, आणि पुढच्या वर्षाच्या निविदा निघण्यापूर्वी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने या कलमांचा एक नमुना सर्व जिल्ह्यांना पाठवावा, अशी विनंती मी आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक नेटवर्क अभियंता, पुणे